वकीलताईंचा सल्ला : प्लास्टरची ती रात्र

वाचकाचं पत्र

वकीलताईंना नमस्कार.

आम्ही दिग्रस तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. ही २०२४ च्या पोळ्याची गोष्ट आहे. आदल्या दिवशी, खांदमळणीला, माझे मालक अरुणावतीवर बैल धुवायला गेले होते. चिखलात पाय घसरला आणि बैल अंगावर आला. डाव्या पायाच्या नळीची दोन्ही हाडं मोडली. दीर म्हणाले, आधी हाडवैद्याकडे नेऊ. त्यानं बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली. रात्रभर कळा आल्या, म्हणून पोळ्याच्या दिवशी सकाळी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका खासगी हाडाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचं नाव चांगलं आहे. सासूबाईंचा खुबा त्यांनीच बसवला होता.

दुपारी एक वाजता मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर केलं. संध्याकाळी सातपासून हे ओरडायला लागले. नर्सबाईनं दोनदा इंजेक्शन दिलं. तिथला कंपाउंडर म्हणाला, "मामी, हाड मोडलं त दुखनच ना. सायेब सकाळी येतीन." रात्री बोटं सुजून जांभळासारखी झाली. मी काडेपेटीची काडी टोचून पाहिली, तर म्हणाले, "मले काहीच समजत नाही." दोन चाळीसला मोबाइलवर फोटो काढून भावाला पाठवला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी साडेदहाला आले. प्लास्टर कापलं आणि लगेच नागपूरला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, न्या म्हणाले. तिथे त्याच संध्याकाळी पाय दोन्ही बाजूंनी उभा चिरला, मेलेलं मांस काढलं.

पाय वाचला, पण पंजा खाली लोंबतो. चालताना चप्पल निघून पडते. वखर-डवरा सगळं बंद झालं. खर्चासाठी बैलजोडी विकली. त्या दवाखान्याचं बिल १८,४०० घेतलं, पावती ६,००० ची दिली. आता कागद मागितले तर देत नाहीत. म्हणतात, हा आजारातला धोका असतो, तुम्ही सही केली होती. ओळखीचा एक माणूस सांगतो, पन्नास हजार देतो, स्टॅम्पवर लिहून द्या. दीर म्हणतात, चार पोरं घेऊन जाऊ, मग बरोबर बोलतील. आमची केस होते का? हाडवैद्याकडे गेलो होतो ते लपवायचं का? यंदाच्या पोळ्याला दोन वर्षं होतील, तोवर वेळ आहे ना?

— एक शेतकरी बाई, ता. दिग्रस

उत्तर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथेच तुमचं सगळ्यात मोठं नुकसान होऊ शकतं.

पैसे घेऊन उपचार करणाऱ्या दवाखान्याविरुद्ध भरपाईसाठी ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि त्याला दोन वर्षांची मुदत असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ६९. ही दोन वर्षं तारखेनं मोजतात, तिथीनं मोजत नाहीत. २०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता. यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेला आहे. तुम्ही पोळ्यापर्यंत थांबलात तर मुदत आठवडाभर आधीच उलटलेली असेल. उशीर माफ करायची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं, आणि "आम्ही पोळ्याचा हिशेब धरला होता" हे कारण कोणी ऐकेल असं मला वाटत नाही. नागपूरला नंतर किती महिने उपचार चालले, त्यावरून मुदत पुढे ओढता येईल का, हा वाद वकील घालू शकतो. पण आपल्याला त्या वादात पडायचंच नाही. २ सप्टेंबर २०२६ ही शेवटची तारीख समजा आणि जुलै संपायच्या आत तक्रार दाखल करा.

आता केस होते का, ते. मी चोवीस वर्षं यवतमाळला वकिली करते. हाडाच्या उपचाराचे कागद घेऊन येणाऱ्या बऱ्याच लोकांना मी परत पाठवते. हाड जुळायला वेळ लागला, पाय अर्धा इंच आखूड राहिला, आतला स्क्रू तुटला, एवढ्यावर निष्काळजीपणा ठरत नाही. साखरेच्या किंवा बिडी-तंबाखूच्या माणसाचं हाड चांगल्या डॉक्टरच्या हातूनही जुळत नाही. डॉक्टरनं बरं करून दाखवलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. त्या विषयातला साधारण जाणता डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली का, इतकंच तो विचारतो.

म्हणून तक्रारीत "पाय लुळा राहिला" यावर भर देऊ नका. संध्याकाळी सात ते सकाळी साडेदहा हे साडेपंधरा तास, हीच तुमची केस आहे.

नळीचं हाड मोडलं की पोटरीच्या आत सूज येते. तिथले स्नायू घट्ट आवरणाच्या कप्प्यांत असतात, आणि वरून प्लास्टर बंद केलं तर सुजेला पसरायला जागा उरत नाही. आतला दाब वाढतो, स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. याला कम्पार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. पहिली खूण म्हणजे इंजेक्शन देऊनही न थांबणारी, मोडलेल्या हाडाच्या मानानं फार जास्त कळ. बोट हलकेच ताणलं तरी माणूस किंचाळतो. पुढे बधिरपणा येतो. नाडी मात्र बऱ्याचदा शेवटपर्यंत लागते, त्यामुळे "नाडी लागत होती" एवढ्या उत्तरानं कोणी सुटत नाही. अशा वेळी प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उभं कापून मोकळं करायचं असतं, आणि तरीही कळ थांबली नाही तर आवरण चिरून दाब सोडवायचा असतो. साधारण सहा ते आठ तास उलटले की स्नायू मरू लागतात आणि परत येत नाहीत. हाडाच्या दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवलेलं असतं. ही गुंतागुंत कोणालाही होऊ शकते, हे त्या डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. पण म्हणूनच रात्री बोटं पाहायची असतात. ती कोणी पाहिली, किती वाजता पाहिली आणि काय लिहिलं, हा आपला प्रश्न आहे.

हाडवैद्याची गोष्ट लपवू नका. नक्कीच लपवू नका. समोरचा वकील ती पहिल्याच उत्तरात काढेल, आणि तुम्ही आधी सांगितली नसेल तर तुमचं बाकीचं खरंही खोटं वाटू लागेल. माझ्या आत्याचा मुलगा लहानपणी चिंचेवरून पडला. कोपराच्या वर हाड मोडलं, कामट्या आवळून बांधल्या, तीन दिवस सोडल्या नाहीत. आज तो पन्नाशीचा आहे आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं अजून मुठीत वळलेली आहेत. पंगतीत तो डाव्या हातानं जेवतो आणि अनोळखी माणसं त्याच्याकडे बघतात. त्यामुळे कामट्यांनी काय होऊ शकतं हे मला चांगलं माहीत आहे, आणि आयोगालाही पटेल. डॉक्टर म्हणणारच की पाय आमच्याकडे यायच्या आधीच बिघडला होता.

याचं उत्तर त्यांच्याच कागदात आहे. भरती करताना डॉक्टर पाय तपासून केसपेपरवर लिहितात: बोटं हलतात का, संवेदना आहे का, नाडी लागते का. २ सप्टेंबरच्या सकाळी तिथे "बोटांची हालचाल ठीक" असं लिहिलेलं असेल, तर बिघाड प्लास्टरनंतरच झाला हे त्यांच्याच अक्षरात सिद्ध होतं. आणि आधीच बिघडलेला होता असं लिहिलं असेल, तर अशा सुजलेल्या पायावर बोटांपर्यंत बंद प्लास्टर का घातलं आणि रात्रभर कोणी का पाहिलं नाही, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. काहीच लिहिलेलं नसेल, तर तपासलं नाही असं आपण म्हणू.

म्हणून कागद. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळणं डॉक्टरला बंधनकारक आहे, आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत प्रत द्यावी लागते. तुमचे कागद सप्टेंबर २०२७ पर्यंत त्यांच्याकडे असलेच पाहिजेत. तोंडी मागणं बंद करा. मालकांच्या सहीचा साधा मराठी अर्ज लिहा: भरतीचा केसपेपर, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, संमतीपत्र, एक्स-रे, नागपूरला पाठवतानाची चिठ्ठी, पूर्ण बिल, या सगळ्यांच्या प्रती द्याव्यात. स्पीड पोस्टानं पोच मिळेल असा पाठवा, अर्जाची एक प्रत आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. दिले तर उत्तमच. नाही दिले तर आयोगाकडून ते मागवून घेता येतात, आणि मागूनही दिले नाहीत ही गोष्ट त्यांच्याविरुद्ध जाते. नर्सिंग नोट्समध्ये दोन इंजेक्शनांची वेळ असेल. एवढ्या कळीला दोनदा इंजेक्शन द्यावं लागलं आणि डॉक्टरला कोणी बोलावलं नाही, हे त्या दोन ओळींतूनच दिसेल.

नागपूरच्या मेडिकलचे कागदही काढा. लोक मला सांगतात, ताई, डॉक्टर डॉक्टरच्या विरुद्ध साक्ष देत नाही. बरेचदा खरं आहे ते. पण तिथल्या शल्यचिकित्सकानं ३ सप्टेंबरच्या संध्याकाळी पाय चिरल्यावर आत काय दिसलं, कोणता स्नायू मेलेला होता, हे ऑपरेशनच्या नोंदीत लिहून ठेवलेलं असतं. तेव्हा त्याला ही केस होणार हे माहीतही नव्हतं. त्या नोंदीसारखा साक्षीदार तुम्हाला मिळणार नाही. शिवाय प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये व्ही. किशन राव यांच्या खटल्यात सांगितलं आहे. तुमच्या केसमध्ये मी ते मागेनच, कारण हाडवैद्याचा मुद्दा आहे. आयोग सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडून मत मागवू शकतो.

संमतीपत्रावरच्या सहीला घाबरू नका. सही प्लास्टर करायला दिली होती. रात्रभर कोणी बघायला येऊ नये, याला कोणी संमती देत नसतं.

डॉक्टरांवर केस करायची म्हणून तुमचं मन खातंय, हे पत्रात न लिहिताही मला दिसलं. सासूबाईंचा खुबा त्यांनी नीट बसवला, त्याबद्दल त्यांचे उपकार माना. या केसमुळे ते उपकार फिटत नाहीत की बुडतही नाहीत. बरेच डॉक्टर अशा दाव्यांसाठी विमा काढून ठेवतात आणि भरपाई विमा कंपनी देते. त्यांचं घर बुडेल ही काळजी करू नका. १९५३ साली कोकणातल्या समुद्रकिनारी एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्याच्या दवाखान्यात भूल न देता, जोर लावून हाड ओढून प्लास्टर केलं, आणि तो मुलगा गेला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. भरपाई होती तीन हजार रुपये. डॉक्टरनं रुग्ण हाती घेतला की कोणती काळजी घेणं त्याच्यावर बंधनकारक आहे, हे सांगताना लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले हा निकाल आजही दाखवला जातो. एका डॉक्टर बापाला दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध पंधरा वर्षं उभं राहावं लागलं, आणि त्यामुळे आज तुमच्यासारखीला उभं राहता येतं. मी तो निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येईल. दवाखाना दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागता येते. कोणता आयोग हे भरपाई किती मागता यावर ठरत नाही, दवाखान्याला पैसे किती दिले त्यावर ठरतं. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. तुमचे १८,४०० आहेत, म्हणजे एक रुपयाही फी नाही. पावती ६,००० चीच आहे, त्यानं केस पडत नाही. बाकीच्यातले काही पैसे कोणी फोनवरून भरले असतील तर त्याच्या बँकेचा उतारा काढा, आणि पूर्ण बिल त्यांच्याकडून मागवूच.

वकील लावायलाच पाहिजे असं नाही, पण या केसमध्ये लावा. त्यासाठी आधी मालकांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा, युडीआयडी, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करून सरकारी रुग्णालयाच्या बोर्डासमोर तपासणी होते. ते दोन ठिकाणी कामी येईल. किती टक्के अपंगत्व आलं यावर भरपाईचा हिशेब उभा राहतो. आणि अपंग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. दिग्रसला कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या.

भरपाईत बैलजोडीची किंमत लिहायची का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. विकल्याची चिठ्ठी, बाजार समितीची पावती असेल ती लावा. उपचारासाठी विकावी लागली हे त्यातून दिसतं. त्याशिवाय मजूर लावून डवरणी-फवारणी करून घेतल्याचा खर्च, नागपूरच्या फेऱ्या, औषधं, पायाला लावायचा पट्टा, तुमचे बुडालेले रोज, आणि मालकांचं वय पाहता पुढे किती वर्षं शेतात काम झालं असतं, हे सगळं मांडा. सातबारा आणि कापूस विकल्याच्या पावत्या आजच एका पिशवीत घाला.

दीरांना माझा निरोप सांगा. चार पोरं घेऊन गेलात तर महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे. दवाखान्यात मारहाण-तोडफोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि नुकसानीच्या दुप्पट पैसे भरावे लागतात. मग फिर्यादी ते होतील आणि आरोपी तुम्ही. पोलिसांत जायचंही मी सुचवणार नाही. जेकब मॅथ्यू खटल्याच्या २००५ च्या निकालानंतर डॉक्टरवर गुन्हा चालवायला अगदी टोकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि त्यातून तुमच्या हाती पैसा येत नाही. मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. ते ताकीद देऊ शकतात, नोंदणी काही काळ थांबवू शकतात, पण भरपाई देत नाहीत. आधी आयोग, बाकीचं नंतर.

त्या पन्नास हजारांच्या स्टॅम्पवर सही करू नका. त्यात "आमची काही तक्रार नाही" हे वाक्य असणारच, आणि मग तुमच्या हातात काही उरणार नाही. त्यांना खरंच मिटवायचं असेल तर तक्रार दाखल झाल्यावर आयोगाच्या मध्यस्थी कक्षात बसून मिटवता येतं. तिथे झालेल्या तडजोडीवर आयोगाचा आदेश होतो, मग शब्द फिरवता येत नाही.

वेळ लागेल हे आधीच सांगते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्याहून जास्त देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पक्कं केलं आहे. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, प्रत्यक्षात वर्षं जातात. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि ते अपिलात गेले, तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. दर तारखेला मालकांना ओढत आणायची गरज नाही, वकील हजर राहिला तरी चालतं.

एक काम मात्र आज संध्याकाळीच करा. दोन चाळीसचा तो फोटो ज्या फोनमध्ये आहे तो फोन मुलाला देऊ नका, विकू नका, दुकानात नेऊन त्यातलं काही पुसू देऊ नका. फोटो कधी काढला ती वेळ त्यात नोंदलेली असते, आणि भावाला पाठवल्याची वेळ त्याच्याही फोनमध्ये असेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याचं प्रमाणपत्र जोडून तो फोटो पुरावा म्हणून देता येतो. भावाचा फोनही तसाच ठेवायला सांगा. त्या रात्री दवाखान्याच्या नंबरवर कोणी फोन लावले असतील तर त्या नोंदी कंपन्या फार दिवस ठेवत नाहीत, तेही लवकर पाहावं लागेल.

मासिकाच्या कार्यालयात माझा पत्ता आहे, तो मागून घ्या. यवतमाळला येताना मालकांना आणायची घाई नको, पायऱ्या आहेत. तो फोन तेवढा आणा, चार्जरसकट.